‘रेंज नाही’ म्हणजे नेमके काय नाही?

(पारोळा येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)

पारोळा तालुक्यातील कोणत्याही गावात एक वाक्य दिवसातून अनेकदा कानी पडते. रेशन दुकानासमोरच्या रांगेत, तलाठी कार्यालयाच्या पायरीवर, अंगणवाडीच्या ओट्यावर आणि कापसाच्या बांधावर तेच वाक्य: ‘रेंज नाही.’ अहिराणीत म्हणावयाचे तर ‘रेंज नई शे.’ हे वाक्य उच्चारले की संवाद संपतो. समोरचा माणूस मान हलवतो, हातातील कागद घडी करून खिशात ठेवतो आणि उद्या पुन्हा यावयाचे ठरवून घरची वाट धरतो. पाऊस आला नाही म्हणून कोणाशी भांडता येत नाही. तसे रेंज नाही म्हणूनही कोणाशी भांडता येत नाही, अशी समजूत रूढ झाली आहे. आजच्या विवेचनाचा हेतू ही समजूत तपासण्याचा आहे.

पाऊस आकाशातून पडतो. रेंज आकाशातून पडत नाही. ती यंत्रे, तारा, वीज, पैसा आणि निर्णय यांतून निर्माण होते, आणि यांपैकी प्रत्येकाला कोणी ना कोणी धनी आहे. तेव्हा ‘रेंज नाही’ असे कोणी म्हटले तर कार्यकर्त्याने पुढचा प्रश्न विचारला पाहिजे: नेमके काय नाही आणि ते नसण्यास जबाबदार कोण?

हा प्रश्न हौसेचा नाही. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने कापसाचे हमीभाव जाहीर केले: मध्यम धाग्यास क्विंटलला ७,७१० रुपये आणि लांब धाग्यास ८,११० रुपये. हा भाव पदरात पडण्यासाठी शेतकऱ्याने कापूस महामंडळाच्या म्हणजे सीसीआयच्या ‘कपास किसान’ या ॲपवर नाव नोंदवावयाचे आणि खरेदी केंद्रावर माल आणण्याची वेळही त्यावरच ठरवावयाची, अशी व्यवस्था त्या हंगामापासून आली. हे ॲप सप्टेंबर २०२५ च्या आरंभी सुरू झाले आणि नोंदणीची मुदत पुढे वाढवावी लागली. त्याआधी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ‘ई-पीक पाहणी’ सुरू झाली होती. सातबाऱ्यावर पिकाची नोंद व्हावी म्हणून शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून पिकाचे छायाचित्र पाठवावयाचे, अशी ती रीत. विमा, नुकसानभरपाई, पीककर्ज आणि हमीभावाची खरेदी या सर्वांचा धागा त्या नोंदीशी बांधलेला. म्हणजे तामसवाडीच्या किंवा बहादरपूरच्या शिवारातील शेतकऱ्याचा माल हमीभावाने जाणार की व्यापारी सांगेल त्या भावाने, हे त्याच्या हातातील फोनवर फिरणारे गोल चक्र थांबते की नाही यावर काही अंशी अवलंबून राहू लागले. सरकारने भाव दिला, पण त्या भावाकडे जाणारा रस्ता कोणाच्या ताब्यात आहे याचा विचार मागे राहिला.

या रस्त्याची पाहणी करण्यापूर्वी दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. वेग ही एक आणि स्थैर्य ही दुसरी. वेग म्हणजे एका सेकंदात किती मजकूर जातो-येतो. स्थैर्य म्हणजे जोडणी तुटल्याशिवाय किती वेळ टिकते आणि विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर दरवेळी सारख्याच वेळात येते की नाही. जाहिरातींत वेगाचे आकडे झळकतात. सामान्य माणसाचे काम मात्र बहुधा स्थैर्याअभावी अडते. ज्याला केवळ नाव नोंदवावयाचे आहे त्याला चित्रपट पाहण्याइतका वेग नको असतो. पाच मिनिटे न तुटणारी जोडणी त्याला पुरते. या दोन्ही गोष्टी सात कड्यांच्या साखळीवर अवलंबून असतात.

पहिली कडी हातातील फोनची. सर्व फोन सारखे नसतात. स्वस्त किंवा जुन्या फोनची स्मृती तोकडी असते आणि सर्व प्रकारच्या लहरी पकडण्याची क्षमता त्यात नसते. पाच ॲप उघडी असतील तर सहावे गुदमरते. खानदेशचा उन्हाळा ४५ अंशांपर्यंत जातो; तापलेला फोन स्वतःचे रक्षण करण्यासाठी आपली गती आपणच कमी करतो. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले फोन परत करण्याचे आंदोलन केले, ते याच कडीवर बोट ठेवणारे होते. २ जीबी स्मृतीच्या त्या फोनांवर ‘पोषण ट्रॅकर’ हे नवे ॲप धड चालत नव्हते आणि दुरुस्तीचा खर्च सेविकांच्या अंगावर पडत होता. कामाचे अवजार देणाऱ्यानेच ते कामाला पुरेसे आहे की नाही हे पाहावयाचे असते, हा कामगार चळवळीचा जुना न्याय त्या स्त्रियांनी नव्या अवजाराला लावला.

दुसरी कडी हवेची. फोन आणि टॉवर यांच्यामध्ये तार नसते, रेडिओ लहरी असतात. ७००, ८५० किंवा ९०० मेगाहर्ट्‌झच्या लहरी दूरवर जातात आणि भिंती भेदतात, पण त्यांच्यावर फार ओझे लादता येत नाही. २,३०० मेगाहर्ट्‌झच्या किंवा ५जीसाठी वापरल्या जाणाऱ्या ३,३०० मेगाहर्ट्‌झच्या लहरी पुष्कळ ओझे वाहतात, पण थोड्या अंतरात दमतात. दाट वस्तीच्या शहरात दुसरा प्रकार सोयीचा, विरळ वस्तीच्या तालुक्यात पहिला. कोणत्या लहरी कोठे वापरावयाच्या हे कंपनी ठरवते, आणि ठरवताना अंतराबरोबर ग्राहकांची संख्याही मोजते.

याच कडीत आणखी एक गोष्ट दडलेली आहे, आणि शेतकऱ्याच्या दृष्टीने ती फार महत्त्वाची आहे. टॉवर अनेक वॅट शक्तीने बोलतो. ४जी फोन मात्र सामान्यतः फार तर ०.२ वॅटने उत्तर देतो. दूरच्या शेतात टॉवरचा आवाज फोनला ऐकू येतो, परंतु फोनचा आवाज टॉवरला ऐकू जात नाही. फोनवर दोन रेघा दिसतात, आलेला व्हिडिओही थोडा चालतो, आणि पिकाचा फोटो मात्र जात नाही. शेतकऱ्याला वाटते, आपलेच काही चुकले. वस्तुतः चूक त्याची नसते. ३ मेगाबाइटचा फोटो म्हणजे २४ मेगाबिट मजकूर. वर जाणारी वाट सेकंदाला २०० किलोबिटची असेल तर तो पोहोचण्यास पूर्ण दोन मिनिटे लागतात. त्या दोन मिनिटांत जोडणी एकदा तुटली आणि ॲपने पुन्हा पहिल्यापासून आरंभ केला, तर सारा वेळ वाया. तोच फोटो पाठवण्यापूर्वी फोनमध्येच आवळून २०० किलोबाइटचा केला तर त्याच वाटेने तो आठ सेकंदांत जातो. पीक तेच, शेतकरी तोच, टॉवरही तोच. फरक केवळ ॲप तयार करणाऱ्याने केलेल्या विचाराचा.

तिसरी कडी वाटणीची. टॉवरची क्षमता ही त्याच्या परिसरातील सर्वांची सामाईक असते. ४जीच्या एका नेहमीच्या रचनेत, २० मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात आणि आदर्श परिस्थितीत, टॉवरचा एक भाग सेकंदाला सुमारे १५० मेगाबिट देऊ शकतो. एकाच वेळी शंभर माणसे वापर करू लागली की प्रत्येकाच्या वाट्याला दीड मेगाबिट, आणि प्रत्यक्षात त्याहून कमी. ही गोष्ट खानदेशातील माणसाला वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. पांझरेच्या काठी शतकानुशतके चालत आलेली फड पद्धती त्याला माहीत आहे. बंधाऱ्याचे पाणी सर्वांचे. ते कोणत्या फडाला केव्हा मिळावयाचे याचे नियम सर्वांना ठाऊक, आणि पाटकरी तो नियम पाळतो की नाही हे पाहणारे लोकही तेथेच. शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोहोचले पाहिजे, हा त्या पद्धतीचा प्राण होता. टॉवरच्या पाटालाही पाटकरी आहे. परंतु तो एक आज्ञावली आहे, तिचे नियम गावाला ठाऊक नाहीत आणि टोकावरच्या माणसाची ती गावाला विचारून काळजी घेत नाही. रेघा भरपूर दिसाव्यात आणि काहीच हलू नये, असा अनुभव बहुधा या कडीवर येतो. कारण रेघा लहरींचे बळ दाखवतात, गर्दी दाखवत नाहीत. पहाटे पाच वाजता झटकन होणारे काम रात्री आठ वाजता होत नसेल, तर दोष गर्दीचा आहे असे समजावे.

चौथी कडी टॉवरच्या पुढच्या रस्त्याची. टॉवरपर्यंत आलेला मजकूर तेथून शहराकडे जावयाचा असतो. तो प्रकाशतंतूंच्या म्हणजे फायबरच्या केबलीने जातो, किंवा एका टॉवरवरील तबकडीतून दुसऱ्या टॉवरवरील तबकडीकडे हवेतून उड्या मारीत जातो. तबकडीचा मार्ग स्वस्त आणि लवकर उभा राहणारा, परंतु अरुंद. मुसळधार पावसात तो क्षीणही होतो. २०१९ च्या राष्ट्रीय ब्रॉडबँड अभियानाने देशातील ७० टक्के टॉवर २०२४ पर्यंत फायबरने जोडण्याचे लक्ष्य ठेवले होते. तेवढी मजल गाठली गेली नाही. मोठ्या धरणाला अरुंद चारी काढावी, तसे अशा टॉवरचे होते.

या कडीचा विचार करताना पारोळेकरांना जुनी गोष्ट आठवावी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तापी खोऱ्यातील लोहमार्ग बांधला गेला, तो अमळनेरवरून गेला. पारोळे किल्ल्याचे गाव, कापसाचे गाव आणि पुढे सुरत-नागपूर महामार्गावरचे गाव. तरीही येथील माणसाला आगगाडी धरावयाची तर अमळनेर गाठावे लागते. मार्ग आखणाऱ्यांचा हिशेब आणि गावाची गरज एक असतातच असे नाही. ज्या अमळनेरला १९४५ साली वनस्पती तुपाच्या कारखान्यापासून विप्रो कंपनीचा आरंभ झाला आणि जिचे नाव पुढे संगणकाच्या क्षेत्रात जगभर गेले, त्या अमळनेरच्या शेजारच्या शिवारात एक फोटो पुढे सरकू नये, यातील विसंगती सांगावयास नको. ज्ञान दूर गेले नाही. त्याचा रस्ता दुसरीकडून गेला.

पाचवी कडी विजेची. टॉवर विजेवर चालतो. वीज गेली की काही तास बॅटरी आणि नंतर डिझेलचे जनित्र. बॅटरी जुनी झाली किंवा डिझेल वेळेवर पोहोचले नाही की टॉवर मुका होतो. कडक उन्हाने बॅटरीचे आयुष्यही घटते. उन्हाळ्यात वीज जाते, आणि तासा-दोन तासांनी रेंजही जाते, हा क्रम ज्या गावी ठरलेला असेल तेथे दोष लहरींचा नसून बॅटरीचा आहे. बॅटरी बदलणे हे कोणाचे तरी नेमून दिलेले काम असते.

सहावी कडी सर्व्हरची, म्हणजे दूर कोठेतरी असलेल्या त्या संगणकाची, जो प्रत्यक्ष नोंद घेतो. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. मुंबई लांब आहे म्हणून उशीर होतो, असे नाही. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. पारोळ्याहून मुंबईचे साडेतीनशे-चारशे किलोमीटर अंतर तो सेकंदाच्या पाचशेव्या भागात कापतो. उशीर लागतो तो दारात उभ्या असलेल्या रांगेमुळे. जुलै २०२४ मध्ये ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेचे अर्ज ‘नारीशक्ती दूत’ ॲपवरून भरले जाऊ लागले आणि अल्पावधीत एक कोटीहून अधिक अर्ज आले. सप्टेंबर २०२५ पासून त्याच योजनेसाठी ई-केवायसी सक्तीची झाली आणि ओटीपी येत नाही, संकेतस्थळ उघडत नाही, अशा तक्रारी राज्यभर झाल्या. मुदत पुढे न्यावी लागली. कोट्यवधी स्त्रियांना एकच दार आणि एकच शेवटची तारीख दिली की दारात चेंगराचेंगरी व्हावयाचीच. तिचा अंदाज आधी करता येतो. लाभार्थींची संख्या सरकारला ठाऊक असते.

सातवी आणि शेवटची कडी ॲपच्या रचनेची. काही ॲप एका पानासाठी सर्व्हरला वीस वेळा प्रश्न विचारतात, एक उत्तर आल्यावर दुसरा. प्रत्येक फेरीस सेकंदाचा एक-तृतीयांश भाग लागला तरी पान उघडण्यास सहा-सात सेकंद गेले. मधली एक फेरी हरवली की सारे अडले. तेच वीस प्रश्न एका फेरीत विचारता येतात. काही ॲप भरलेली माहिती फोनमध्ये जपून ठेवतात आणि रेंज आली की आपोआप पाठवतात. काही जोडणी तुटताच सर्व पुसून टाकतात. शहरातील वातानुकूलित खोलीत, उत्तम फोनवर आणि फायबरच्या जोडणीवर ज्याची परीक्षा झाली, ते ॲप शिवारात नापास होते. ते बनवणाऱ्याने शिवार पाहिलेले नसते.

अशा या सात कड्या. पहिली कडी वगळली तर एकही कडी शेतकऱ्याच्या, मजुराच्या किंवा सेविकेच्या ताब्यात नाही. आणि पहिलीही त्याच्या ऐपतीने ठरलेली. दुसरी, तिसरी, चौथी आणि पाचवी कंपन्यांच्या ताब्यात, सहावी आणि सातवी सरकारच्या किंवा सरकारने नेमलेल्या कंत्राटदाराच्या. असे असता कोणतीही कडी तुटली तरी शिक्षा एकाच माणसाला होते: जो साखळीच्या शेवटी उभा आहे त्याला. नोंद त्याची राहते, मजुरी त्याची बुडते, मुदत त्याची टळते. प्रश्न तंत्राचा वाटतो, पण त्याचे मर्म येथे आहे.

रोजगार हमीचा इतिहास या बाबतीत बोलका आहे. १९७२ च्या दुष्काळाच्या काळात महाराष्ट्राने कामाच्या हक्काची जी कल्पना प्रत्यक्षात आणली, ती पुढे कायद्याच्या रूपाने राज्यात आणि २००५ साली देशात रुजली. त्या देशव्यापी कायद्याखालील कामांवर मजुरांची हजेरी ‘एनएमएमएस’ या ॲपने घेण्याचा आरंभ मे २०२१ मध्ये झाला. मे २०२२ पासून वीस किंवा अधिक मजुरांच्या कामांवर आणि १ जानेवारी २०२३ पासून जवळजवळ सर्व कामांवर ती सक्तीची झाली. दिवसातून दोनदा कामाच्या जागेवरून मजुरांचा फोटो पाठवावयाचा. फोटो गेला नाही तर हजेरी नाही, हजेरी नाही तर मजुरी नाही, अशा तक्रारी घेऊन अनेक राज्यांचे मजूर फेब्रुवारी २०२३ मध्ये दिल्लीत जंतरमंतरवर बसले. अपवादात्मक प्रसंगी हजेरी हाताने नोंदवण्याची मुभा होती, हे खरे. परंतु ती देण्याचा अधिकार जिल्ह्याच्या अधिकाऱ्याकडे आणि खोदलेली माती गावच्या तलावावर! घाम गाळल्याचा पुरावा म्हणून खणलेला खड्डा समोर असताना तो पुरेसा मानला जाऊ नये आणि न गेलेला फोटो मात्र निर्णायक ठरावा, हा न्याय उलटा आहे.

यावर एक आक्षेप येतो आणि तो प्रामाणिकपणे विचारात घेतला पाहिजे. ॲप येण्यापूर्वी सारे आलबेल होते काय? हजेरीपटावर खोटी नावे चढत नव्हती काय? पीक न पाहता घरी बसून पाहणीची नोंद होत नव्हती काय? होत होती. ई-पीक पाहणीने शेतकऱ्याला आपली नोंद आपण करण्याचा अधिकार दिला, हा तिचा गुण नाकारण्याचे कारण नाही. यंत्राला विरोध करणे हा मार्ग नव्हे. तथापि, शंभरांतील दोन लबाडांना अडवण्यासाठी बसवलेले फाटक पंचवीस प्रामाणिकांनाही अडवू लागले, तर फाटक दुरुस्त करावे लागते. फोनमध्ये साठवलेल्या फोटोवरही वेळ आणि ठिकाण यांची मोहोर उमटवता येते. तो दुसऱ्या दिवशी पोहोचला म्हणून खोटा ठरत नाही. लबाडी रोखणे आणि रेंज नसलेल्यास सामावून घेणे यांत विरोध नाही. विरोध आहे तो आळसाचा.

हे देशाला जमण्यासारखे आहे काय, अशी शंका असेल तर आपल्याच देशातील एक उदाहरण पुरेसे आहे. ऑगस्ट १९८४ मध्ये सी-डॉट ही सरकारी संस्था स्थापन झाली. तिने खेड्यांसाठी टेलिफोनचे १२८ जोडण्यांचे छोटे एक्स्चेंज तयार केले आणि १९८६ साली कर्नाटकातील कित्तूर येथे ते बसवले. त्या काळची परदेशी एक्स्चेंज यंत्रे वातानुकूलित खोलीवाचून चालत नसत. भारतीय खेड्यात धूळ आहे, उष्मा आहे, वीज जाते, हे त्या अभियंत्यांनी आधी मान्य केले आणि मग यंत्र आखले. यंत्रासाठी खेडे बदलण्याची वाट त्यांनी पाहिली नाही. त्या पिढीला जे कळले होते, ते आज ॲप आखणाऱ्यांना कळू नये असे काही नाही. दुबळ्या जोडणीवर चालेल असे ॲप बनवणे हे एक्स्चेंज बनवण्यापेक्षा पुष्कळ सोपे आहे.

पैशाचा प्रश्नही तसाच. खेड्यात टॉवर परवडत नाही, असे कंपन्या म्हणतात. आणि केवळ नफ्याच्या हिशेबाने ते खोटेही नाही. म्हणूनच तर कंपन्यांच्या महसुलाच्या ५ टक्के रक्कम सार्वत्रिक सेवेच्या निधीत जमा करून घेण्याची व्यवस्था झाली. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने त्या निधीचे नाव ‘डिजिटल भारत निधी’ ठेवले. हा पैसा अखेर प्रत्येक रिचार्जमधून, म्हणजे गरिबाच्या खिशातूनही येतो. त्याचा मोठा भाग अनेक वर्षे खर्चाविना पडून होता. ग्रामपंचायतींना फायबरने जोडण्याची योजना ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झाली, पुढे तिला ‘भारतनेट’ हे नाव मिळाले, मुदती अनेकदा लांबल्या, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये १,३९,५७९ कोटी रुपयांची सुधारित योजना मंजूर करावी लागली. देशात ४जी सेवा प्रथम २०१२ साली आली. बीएसएनएलच्या देशी बनावटीच्या ४जी सेवेचे देशव्यापी उद्घाटन २७ सप्टेंबर २०२५ रोजी झाले. सुमारे ९७,५०० टॉवरांची ती उभारणी स्वागतार्ह आहे. जेथे नफा नाही तेथे जाण्याचे कर्तव्य ज्या संस्थेवर होते, तीच सर्वांच्या मागे का राहिली, हा प्रश्न मात्र त्या उद्घाटनाने संपत नाही.

न्यायालये या बाबतीत काही पावले पुढे आली आहेत. सप्टेंबर २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या इंटरनेट वापरास शिक्षणाच्या आणि खासगी जीवनाच्या हक्काचा भाग मानले. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, अपंग व्यक्तींना ई-केवायसीत येणाऱ्या अडचणींचा विचार करताना, डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा राज्यघटनेच्या २१ व्या कलमातील जीविताच्या हक्काचा अंगभूत भाग आहे असे सांगितले. तत्त्व मान्य झाले आहे. ते तालुक्यापर्यंत आणावयाचे काम उरले आहे, आणि ते न्यायाधीश करणार नाहीत.

ते काम कार्यकर्त्याचे आहे, आणि त्यासाठी अभियंता असण्याची गरज नाही. एक वही पुरेशी आहे. गावात जेथे काम अडते तेथे तारीख, वेळ, ठिकाण, कंपनी आणि ॲप कोणत्या पायरीवर थांबले हे लिहून ठेवावे. त्याच जागी दुसऱ्या कंपनीचा फोन लावून पाहावा. बाकी सारे चालते आणि एकच ॲप अडते, तर सहावी किंवा सातवी कडी. फोटो येतो पण जात नाही, तर दुसरी. पहाटे चालते आणि रात्री अडते, तर तिसरी किंवा चौथी. दिव्याबरोबर रेंज जाते, तर पाचवी. एका गावाची पंधरा दिवसांची अशी वही ‘रेंज नाही’ या चार अक्षरांच्या हताशपणाचे रूपांतर नेमक्या तक्रारीत करते. नेमक्या तक्रारीला ‘बघू’ असे उत्तर देणे अवघड असते.

तक्रार कोठे करावयाची तेही ठरलेले आहे. प्रथम कंपनीकडे, १९८ या क्रमांकावर. तक्रारीचा क्रमांक मागून घ्यावा. समाधान न झाल्यास कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जावे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या म्हणजे ट्रायच्या २०२४ च्या सेवादर्जाच्या नियमांनुसार कोणत्या भागात कोणती सेवा मिळते याचे नकाशे कंपन्यांनी आपल्या संकेतस्थळावर ठेवावयाचे आहेत. नकाशात गाव रंगवलेले आणि वहीत गाव कोरे असेल, तर ती दोन्ही पाने शेजारी ठेवून ग्रामसभेत वाचावीत. जिल्हाभर चोवीस तासांहून अधिक काळ सेवा बंद पडली तर ग्राहकाला भरपाई, म्हणजे भाड्यात सूट किंवा रिचार्जची वाढीव मुदत, देण्याचे बंधनही त्याच नियमांत आहे. नियम आहेत, ते मागणारा माणूस हवा.

सरकारकडे करावयाच्या मागण्याही मोजक्याच आहेत. ज्या ॲपवर नागरिकाचा हक्क अवलंबून आहे, ते रेंजशिवाय भरता आले पाहिजे आणि रेंज आली की आपोआप पोहोचले पाहिजे. ते स्वस्त फोनवर चालले पाहिजे आणि मराठीत असले पाहिजे. भरणाऱ्याला तत्क्षणी पोच मिळाली पाहिजे, म्हणजे उशीर झाला तरी त्याने वेळेवर प्रयत्न केला हे सिद्ध होईल. सर्व्हर बंद राहील तितके दिवस मुदत आपोआप वाढली पाहिजे. त्यासाठी मोर्चा काढावयाची पाळी येऊ नये. आणि प्रत्येक ॲपच्या शेजारी कागदाचा एक अर्ज, तो घेणारे एक टेबल आणि सहीशिक्क्याची पोच देणारा एक माणूस असला पाहिजे. या पाच मागण्यांपैकी एकीसाठीही नवा टॉवर लागत नाही. टॉवर उभे राहावयास वर्षे लागतात. ही कामे इच्छा असेल तर एका हंगामात होतात.

मित्रहो, फडावरच्या पाण्याला नियम होता तो पाणी मुबलक होते म्हणून नव्हे. पाणी तुटपुंजे होते, म्हणूनच नियम लागला. आणि तो टोकावरच्या शेताकडे पाहून केला गेला. पुढच्या हंगामात तालुक्यातील एखादा शेतकरी बांधावर उभा राहून फोन वर धरील, चक्र फिरत राहील आणि तो म्हणेल, ‘रेंज नाही.’ त्या वेळी त्याच्या शेजारी वही घेऊन उभा असलेला कार्यकर्ता त्याला विचारील: ‘कोणती कडी तुटली ते पाहू या.’ शेतकरी घरी परतण्यापूर्वी हा प्रश्न विचारला गेला, तर आजचा हा वर्ग कारणी लागला असे समजावयास हरकत नाही.